पोरगं ऐकत नाही, म्हणजे नेमकं काय करत नाही?

(पोस्ट मोठी आहे. घरात शाळेत जाणारं लेकरू असेल तर सवडीनं का होईना, पूर्ण वाचा.)

६ जानेवारी म्हणजे पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून आम्हा पत्रकार मंडळींचा हा मानाचा दिवस. या दिवशी तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेत आम्हाला बोलावणं असतं. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, फोटो आणि मग 'मनोगत'. गेल्या वर्षी एका शाळेत माझा नंबर लागला. मी चांगला चाळीस मिनिटं बोललो. पाचवी ते सातवीची पोरं समोर सतरंजीवर बसलेली. हाताची घडी, तोंडावर बोट. टाचणी पडली तरी आवाज येईल अशी शांतता. मुख्याध्यापक माझ्या कानाशी येऊन अभिमानानं म्हणाले, "बघा, किती मन लावून ऐकतेत."

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

भाषण संपल्यावर मी सहज विचारलं, "सांगा बरं, मी काय काय बोललो?" कोणीच हात वर करेना. शेवटी पुढच्या रांगेतला एक जण उठला. "पत्रकार दिन." मी म्हणालो, "शाब्बास. अजून?" "बाळशास्त्री." "अजून?" तो खाली बघायला लागला. बाकीचे त्याच्याकडे बघायला लागले. चाळीस मिनिटांतून दोन गोष्टी उरल्या होत्या, आणि त्याही मागं लावलेल्या बॅनरवर छापलेल्या होत्या.

नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. यात पोरांची चूक नव्हती. त्यांना जे शिकवलं होतं ते त्यांनी अगदी चोख केलं होतं. त्यांना गप्प बसायला शिकवलं होतं, ते गप्प बसले.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे. आज लिहितोय.

आपल्या भाषेतला एक घोटाळा

"आमचं पोरगं ऐकतच नाही हो," असं आईबाप म्हणतात, तेव्हा त्यांना काय म्हणायचं असतं? पोराला ऐकू येत नाही असं नाही. त्याला समजत नाही असंही नाही. 'सांगितलेलं करत नाही', एवढंच म्हणायचं असतं. मराठीत 'ऐकणं' या एका शब्दात दोन कामं आहेत. एक, समोरच्याचं बोलणं कानावर घेऊन समजून घेणं. दुसरं, त्याची आज्ञा पाळणं. घरी, शाळेत, गावात आपण दुसऱ्या कामालाच ऐकणं म्हणत आलो. 'ऐकणारं लेकरू' म्हणजे गुणी लेकरू, म्हणजे उलट न बोलणारं लेकरू.

आणि कानाचा शाळेतला मुख्य उपयोग काय होता? पिळण्यासाठी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षेवर बंदी आली म्हणून कान तेवढे वाचले. पण 'ऐका' या शब्दाचा अर्थ वर्गात अजून तोच आहे. सर दिवसातून पन्नास वेळा म्हणतात, "ऐका रे, इकडं लक्ष द्या." वाचायचं कसं ते शिकवतो, लिहायचं कसं ते हात धरून शिकवतो. ऐकायचं कसं, हे मात्र कोणी कोणाला शिकवत नाही. ते आपोआप येतं असं आपण धरून चालतो.

येत नाही. मी त्याचा जिवंत पुरावा आहे.

माझी चूक

पत्रकारितेची पदविका घेतली तेव्हा आम्हाला प्रश्न कसा विचारायचा, बातमीचा इंट्रो कसा लिहायचा, मथळा कसा द्यायचा, हे सगळं शिकवलं. उत्तर कसं ऐकायचं, यावर एक तासही झाला नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्यात एका वाडीवर पाण्याची बातमी करायला गेलो. बायका हंडे घेऊन जमल्या. एक वयस्कर बाई मला काहीतरी सांगत होती, "पाणी येतं बाबा, पन..." मी तिचं 'पन' होईपर्यंत थांबलोच नाही. माझ्या डोक्यात मथळा आधीच तयार होता. फोटो काढला, गाडीला किक मारली आणि दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली : वाडीवर पाण्याचा ठणठणाट.

ग्रामपंचायतीनं चालू नळाचा फोटो काढून तहसीलला पाठवून दिला. 'बातमी निराधार' असा शेरा पडला आणि विषय संपला. नंतर कळलं, त्या बाईला काय सांगायचं होतं ते. पाणी यायचं, पण रात्री दोन वाजता, तासभरच. बाया रात्रभर जागून पाणी भरायच्या आणि सकाळी सातला खुरपायला जायच्या. ही खरी बातमी होती. ती मी नीट ऐकली असती तर वेळ बदलून घेता आली असती. माझ्या खोट्या पडलेल्या बातमीमुळं त्या वाडीचं पुढं कोणी मनावरच घेतलं नाही. आणखी दोन उन्हाळे त्या बायांनी रात्री जागून काढले.

एक 'पन' ऐकला नाही, त्याची ही किंमत. आणि ती मी मोजली नाही, त्यांनी मोजली. ऐकण्याचा विषय मला 'सॉफ्ट स्किल' वगैरे वाटत नाही तो यामुळं.

शुक्रवारचा तास

तर त्या पत्रकार दिनानंतर मी मुख्याध्यापकांना म्हणालो, "सर, मला शुक्रवारचा शेवटचा तास द्या. सातवीला. भाषण करणार नाही." त्यांनी दिला. मराठीच्या बाई सोबत बसायच्या. वर्गात अडतीस पोरं. आम्ही त्याला 'बातमीचा तास' म्हणायचो.

पहिल्या शुक्रवारी जोड्या पाडल्या. एकानं दोन मिनिटं सांगायचं, 'काल संध्याकाळी आमच्या घरी काय झालं.' दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. मग उभं राहून सगळ्या वर्गाला सांगायचं ते जोडीदाराचं, आपलं नाही. आणि जोडीदारानं म्हणायचं, 'बरोबर' किंवा 'मी असं म्हणालो नव्हतो.'

एक मुलगी उठली आणि जोडीदारणीबद्दल म्हणाली, "सर, हिची शेळी व्याली. दोन पिल्लं झाली. हिला लई आनंद झाला."

जोडीदारीण खाली मान घालून बसली होती. हळूच म्हणाली, "एक मेलं, म्हणले की मी."

वर्ग आधी हसला. मग एकदम गप्प झाला. ही शांतता तोंडावर बोट ठेवून आणलेली नव्हती. सांगणाऱ्या मुलीनं 'शेळी व्याली, दोन पिल्लं' इतकं ऐकलं होतं आणि पुढचं स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी वाडीवर नेमकं हेच केलं होतं. माझं वय तेव्हा तिच्या दुप्पट-तिप्पट होतं, एवढाच फरक.

त्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक नियम लिहिला : आधी समोरच्याचं सांगायचं, तो 'बरोबर' म्हणाला की मग आपलं सांगायचं.

सगळे शुक्रवार असे छान गेले असं समजू नका. एकदा इतका गोंगाट झाला की शेजारच्या वर्गावरचे सर येऊन दारात उभे राहिले. एकदा पोरांनी मुद्दाम खोटंनाटं सांगून एकमेकांची फिरकी घेतली. एका पालकानं विचारलं, "हे स्कॉलरशिपला येतं का?" पण चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून एक बदल दिसायला लागला. पोरं एकमेकांना प्रश्न विचारायला लागली. "म्हणजे कधी?" "मग तुझी आई काय म्हणली?" आधी पोरं सांगणाऱ्याकडं बघायचीच नाहीत, माझ्याकडं बघायची. सरांना आवडतंय का ते बघायला. आता एकमेकांकडं बघायला लागली.

आणि मग तो मुलगा

या वर्गात एक मुलगा होता. आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, तो आजीजवळ राहायचा. त्याच्या प्रगतिपुस्तकात तिसरीपासून एकच शेरा : 'लक्ष देत नाही.' कुठं 'अभ्यासात लक्ष नाही', कुठं 'लक्ष देणे आवश्यक'. शिक्षक बदलले, शेरा बदलला नाही. वर्गात तो मधल्या रांगेत खिडकीपाशी बसायचा. काही विचारलं की हसायचा. हसण्यावारी नेतो म्हणून बोलणीही खायचा.

जोडीच्या खेळात त्याचा जोडीदार एके दिवशी वैतागून मला म्हणाला, "सर, ह्याला ह्या बाजूनं सांगितलं की काहीच सांगता येत न्हाई. त्या बाजूला बसून सांगितलं की सगळं बरोबर सांगतो."

मला पटकन कळलं नाही. बाईंना कळलं. त्यांनी त्या मुलाच्या मागं उभं राहून आधी डाव्या बाजूनं हळू आवाजात नाव घेतलं. तो वळला. मग उजव्या बाजूनं घेतलं. तो तसाच समोर बघत राहिला.

त्याच्या उजव्या कानाला ऐकू येत नव्हतं. चार-साडेचार वर्षं आम्ही सगळे त्याला 'ऐक, ऐक' म्हणत होतो, आणि त्याला ऐकू येतंय का हे कोणी विचारलं नव्हतं. आजीला विचारलं तर म्हणाली, "ल्हानपणी लई कान फुटायचा त्याचा. मी लसणाचं तेल घालायची. मग वास कमी झाला, मला वाटलं बरा झाला."

जिल्हा रुग्णालयात नेलं. कानाच्या पडद्याला भोक पडलेलं होतं. डॉक्टरांनी तेल घालायचं बंद करायला सांगितलं, औषध दिलं, पुढं शस्त्रक्रियेचा विचार करू म्हणाले. बाईंनी लगेच एक गोष्ट केली. त्याला पहिल्या बाकावर अशा बाजूला बसवलं की त्याचा चांगला कान फळ्याकडं आणि वर्गाकडं राहील. खर्च शून्य.

आता तो पहिला येतो वगैरे सांगून मी तुम्हाला रडवणार नाही. गणित त्याचं अजून कच्चंच आहे. इतक्या वर्षांचं निसटलेलं दोन महिन्यांत कसं भरून येणार? पण तो आता हात वर करतो. आणि ज्या दिवशी 'ऐकू येत नाही' हे कळलं, त्या दिवशी 'लक्ष देत नाही' हा शेरा खोटा ठरला.

शाळेतल्या मुलांची तपासणी होत नाही असं नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं, त्यात कानही तपासतात. पण पथक आलं त्या दिवशी हा मुलगा गैरहजर होता. वर्षातला एक दिवस हुकला की वर्ष हुकलं. त्याचं दुखणं शेवटी सापडलं ते यंत्राला नाही आणि आम्हा मोठ्यांनाही नाही. ज्या पोराला आम्ही महिनाभर 'समोरच्याला समजलं का ते बघ' एवढंच शिकवलं होतं, त्याला सापडलं.

कागदावर आहे, वर्गात नाही

भाषा शिकण्याची चार कौशल्यं कुठल्याही डी.एड. झालेल्या माणसाला झोपेत विचारा : श्रवण, भाषण, वाचन, लेखन. श्रवण पहिलं. अभ्यासक्रमात आहे. २०१० पासून आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये दैनंदिन निरीक्षण आहे, तोंडी काम आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये नोंदी कशा भरल्या जातात हे शिक्षक मित्रांना मी सांगायची गरज नाही. 'लक्षपूर्वक ऐकतो', 'सूचना ऐकून कृती करतो', अशी तयार वाक्यं असतात, ती उतरवली जातात. आमच्या त्या मुलाच्या नोंदीतही असं एखादं वाक्य कुठंतरी असेलच.

दहावीचं उदाहरण घ्या. २०१९ च्या परीक्षेला भाषा विषयांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून टाकले होते. त्या वर्षी निकाल ७७.१० टक्के लागला, आदल्या वर्षी ८९.४१ होता. मोठी ओरड झाली, मीही बातम्या केल्या. पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. त्या सगळ्या गदारोळात चर्चा फक्त टक्क्यांची झाली. 'या २० गुणांत मुलाच्या ऐकण्या-बोलण्याची खरंच परीक्षा होते का?' हा प्रश्न ना पालकांनी विचारला, ना संस्थाचालकांनी, ना माझ्यासारख्या पत्रकारांनी.

शाळेत ऐकण्याच्या नावाखाली एकच गोष्ट नियमित होते, श्रुतलेखन. पण त्यात आपण तपासतो काय? ऱ्हस्व-दीर्घ. म्हणजे तीही शेवटी लिहिण्याचीच परीक्षा.

हुंकारा

हे काही बाहेरून आणायचं नवं खूळ नाही. लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची अट असायची, हुंकारा द्यायचा. तिनं एक वाक्य सांगायचं, आपण 'हं' म्हणायचं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. आणि माझी आजी मोठी बेरकी. पोरगं नुसतंच 'हं, हं' करतंय अशी शंका आली की मधेच घुसडून द्यायची, "मग राजानं घोडा खाल्ला." आपण 'हं' म्हणालो की पकडले गेलो. "उठ, झोप आता. तू कुठं ऐकायलास?"

बघा, यात सगळं आलं. ऐकणाऱ्यावर जबाबदारी आली, सांगणाऱ्याला खात्री करून घेणं आलं. पोवाड्यात शाहिरामागं झीलकरी उभे असतात, तेही शाहिराचा शब्द झेलून पुढं नेतात. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाची सुरुवातच श्रवणभक्तीनं केली आहे. पुस्तकं हातानं लिहिली जायची त्या काळात ऐकणं हेच शिक्षण होतं. छापील पुस्तक आलं, मग गाइड आलं, आता मोबाइल आला, आणि ऐकण्याची तालीम देणारं कोणी उरलं नाही.

गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' तुमच्यातल्या बऱ्याच शिक्षकांनी वाचलं असेल. त्यातले मास्तर चौथीच्या वर्गात पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातात आणि सपशेल आपटतात. पोरं धिंगाणा घालतात. दुसऱ्या दिवशी ते गोष्ट सांगायला बसतात, आणि तीच पोरं कान टवकारून बसतात. पुस्तकात वाचलेली शांतता मुलांवर लादता येत नाही, ऐकावंसं वाटेल असं काही द्यावं लागतं, हे गिजुभाईंनी तेव्हा लिहून ठेवलं. त्यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढं बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं. म्हणजे ही परंपरा आपल्या दारातली आहे.

बाहेरचंही थोडं सांगतो. ज्याला आज 'सक्रिय श्रवण' म्हणतात, ते नाव कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली लिहिलेल्या एका पुस्तिकेमुळं रुळलं. त्यातलं एक सूत्र साधं आहे : समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत त्यालाच परत सांगून बघा, त्याला पटतंय का. आमच्या बाईंनी फळ्यावर लिहिलेला नियम हाच होता.

वर्गात करता येतील अशा चार गोष्टी

शिक्षक मित्रांनो, मला तुमची अवस्था माहीत आहे. माहिती पाठवा, लिंक भरा, सर्वेक्षण करा, मतदार यादी करा. दोन शिक्षक आणि चार वर्ग. त्यात हा पत्रकार आणखी एक उपक्रम घेऊन आला असं वाटू देऊ नका. हात जोडून सांगतो, 'श्रवण सप्ताह' वगैरे काही साजरा करू नका. बॅनर नको, फोटो नको, अहवाल नको. आहे त्या तासात चार सवयी लावता येतात का, एवढंच बघा.

पहिली. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या विज्ञानशिक्षण अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं टेप करून तपासलं. त्यांना दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात. मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, आणि ज्यांना आपण मागं पडलेली समजतो तीही बोलायला लागतात. तीन सेकंद. मी वर्गात करून पाहिलं, फार अवघड जातं. जीभ शिवशिवते.

दुसरी. मुलानं दिलेलं उत्तर तुम्ही मोठ्यानं परत सांगू नका. ही सवय जवळपास सगळ्यांना असते. पोरगं हळू बोलतं, सर तेच मोठ्यानं म्हणतात. त्यातून बाकीची पोरं काय शिकतात? मित्राचं ऐकायची गरज नाही, सर सांगणारच आहेत. त्याऐवजी दुसऱ्या मुलाला विचारा, "तो काय म्हणाला?" सूचनाही एकदाच द्या. पाच वेळा सांगितली की पोरं पाचव्या वेळेची वाट बघतात.

तिसरी. 'समजलं का?' हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर 'होऽऽ सर' हेच असतं, सगळ्या वर्गाचं एका सुरात. 'काय समजलं ते सांग' म्हणा. किंवा माझ्या आजीसारखा मधेच घोडा खाऊ घाला. इतिहास शिकवताना एखादं चुकीचं वाक्य मुद्दाम टाकायचं आणि आधीच सांगून ठेवायचं, 'आज एक चूक करणार आहे, पकडा.' बघा कसे कान टवकारतात.

चौथी. तुम्ही ऐका. दिवसातून एका मुलाचं, दोन मिनिटं, हातातलं रजिस्टर बाजूला ठेवून. ऐकणं मुलं भाषणातून शिकत नाहीत, बघून शिकतात. ज्याचं कोणी ऐकलंच नाही, त्यानं दुसऱ्याचं कसं ऐकायचं?

आणि या चारींच्या आधी, ज्या मुलावर 'लक्ष देत नाही' असा शेरा मारायचाय, त्याच्या मागं उभं राहून एकदा दोन्ही बाजूंनी हळू आवाजात त्याचं नाव घ्या. शाळेतल्या या चाचणीनं कान तपासला जात नाही, ते डॉक्टरांचं काम आहे. पण शंका यायला एवढं पुरतं.

'पोरं उलट बोलतील'

एका ज्येष्ठ शिक्षकांनी मला स्पष्टच विचारलं, "हे सगळं शिकवलं तर पोरं उलट प्रश्न विचारतील. मग वर्ग आवरायचा कसा?"

त्यांची भीती खोटी नाही. पोरं विचारतील. नीट ऐकणारा माणूस कुठं ना कुठं 'हे कसं काय?' म्हणतोच. आमच्या सातवीतल्या एकीनं मला तोंडावर विचारलं, "सर, तुम्ही त्या वाडीवर परत जाऊन त्या बाईला सॉरी म्हणला का?" मी गप्प. मी गेलोच नव्हतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिस्त लागते हेही मला मान्य आहे. पण मुकाट बसलेल्या वर्गाला शिस्त समजायचं, तर मग मोठेपणी हीच माणसं ग्रामसभेत काय करतात तेही बघा. एक तर हाताची घडी घालून बसतात आणि निघताना सही करतात, नाहीतर सगळे एकदम ओरडतात. ग्रामसभा, नगरपालिकेची सभा, भावकीची बैठक, मी वीस वर्षं बघतोय. समोरचा काय म्हणतोय ते आधी सांगून मग आपलं म्हणणारा माणूस हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. ही माणसं आपल्याच शाळांतून आली. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असं म्हणायचं असेल तरी आधी जनाचं ऐकावं तर लागेल?

पालकांना

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं ७५ टक्के पालक असतात. खिचडी, रंगरंगोटी, कंपाउंड हे विषय झाले की पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा. आरोग्य पथक आलं त्या दिवशी कोणती मुलं गैरहजर होती, आणि त्यांची तपासणी नंतर झाली का? पत्र्याच्या खोलीत पाऊस पडत असताना मागच्या बाकावर ऐकू येतं का, हे कोणी बसून पाहिलंय का? त्यासाठी पैसा लागत नाही.

आणि घरी? पोरगं शाळेतून येऊन काही सांगत असतं, आपण मोबाइल बघत 'हं, हं' करत असतो. पोरांना तो हुंकारा कळतो. त्यांनी मधेच 'आज राजानं घोडा खाल्ला' म्हटलं तरी आपण 'हं' म्हणू. मग काही दिवसांनी ती सांगायचीच बंद होतात, आणि आपण शेजाऱ्याला सांगतो, "आमचं पोरगं ऐकत नाही हो."

मी त्या वाडीवर मागच्या महिन्यात जाऊन आलो. ती बाई आता नाही. तिच्या सुनेला भेटलो, जे झालं ते सांगितलं, चुकलो म्हणालो. ती म्हणाली, "आता पानी सकाळी येतं. पन..."

या वेळी गाडी बंद करून बसलो. पाऊण तास लागला. बातमी लिहितोय, पुढच्या आठवड्यात वाचायला मिळेल.

तुमच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'लक्ष देत नाही' असं लिहिलेलं असेल, किंवा तुम्ही शिक्षक असाल आणि वर्गात यातलं काही करून पाहिलं असेल, तर खाली लिहा. माझ्याशी पटत नसेल तरी लिहा. आधी तुमचं म्हणणं माझ्या शब्दांत परत सांगेन, तुम्ही 'बरोबर' म्हणालात की मगच माझं सांगेन.